मोनालीचं ‘काय’

मोनाली गजभियेने माझं अडीच दिवसांचं काम पुसून टाकलं, तेव्हा आमची ओळख जेमतेम आठ महिन्यांची होती.

नागपूरच्या मिहानमधल्या आमच्या कंपनीत जुनी पुस्तकं स्कॅन होऊन येतात आणि आम्ही त्यांच्या डिजिटल आवृत्त्या तयार करतो. मी पानं तपासते. त्या आठवड्यात माझ्याकडे वनस्पतिशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक होतं, पानापानावर लॅटिन नावं, एकेक अक्षर लावून वाचायचं. बुधवारी साडेअकराच्या सुमारास माझं फोल्डर उघडेना. शेजारणीचंही उघडेना. पाच मिनिटांत मजलाभर झालं की सर्व्हरवरून ‘फायनल’ नावाचं फोल्डरच गायब आहे. बॅकअप होता, पण शनिवारचा.

सर्व्हर मोनाली सांभाळायची. आमचे टीम लीड ऋषिकेश सर तिच्या टेबलाशी गेले तशी ती उभी राहिली.

"माझ्याकडून चुकीचं फोल्डर डिलीट झालं, सर. सॉरी."

"पण झालं कसं? तू तर डोळे मिटून करतेस हे काम."

सरांनी कपाळावर हात मारला आणि शनिवारचा बॅकअप चढवायला बसले. मी मात्र तिच्याकडे बघितलंही नाही. एकशे चव्वेचाळीस पानं मला परत तपासायची होती.

दुपारी कॅन्टीनमध्ये ती माझ्यासमोर येऊन बसली. मी डब्यात मान घालून जेवत होते. तिने ताकाच्या ग्लासाकडे हात नेला आणि ग्लास आडवा झाला. ताक टेबलाच्या डाव्या अंगाने वाहत माझ्या डब्यापाशी आलं. मोनालीने घाईघाईने कागदी रुमाल घेतला आणि टेबल पुसायला लागली. उजवीकडचं. तिथे थेंबही नव्हता. ती कोरडं टेबल घासत होती आणि "सॉरी, सॉरी" म्हणत होती.

माझा घास तोंडातच राहिला.

"मोनाली," मी म्हटलं, "किती दिसते तुले?"

तिचा हात थांबला. तिने मान वळवून आजूबाजूला कोण आहे याचा अंदाज घेतला.

"समोरचं दिसते," शेवटी ती म्हणाली. "नळीतून पाह्यल्यावानी. तुहं तोंड दिसते, तर डबा नाई दिसत. डबा पाह्यला का तोंड जाते."

"कधीपासून?"

"नळी लहानपणापासूनच हाय. आता बारीक होऊन राहिली."

तिला रेटिनायटिस पिग्मेंटोसा होता. डोळ्याच्या पडद्याचा आजार, कडेकडून दिसणं बंद होत जातं. लहानपणी नागपूरजवळच्या कन्हानला दिवेलागण झाली की आई तुळसाबाई तिला हाक मारून घरात घ्यायची, कारण अंधारात ती भिंतीवर आदळायची. शाळेतल्या पोरी चिडवायच्या. घरच्यांना वाटलं, रातांधळेपणा आहे, पालेभाज्या खाल्ल्या की जाईल. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला डॉक्टरने खरं नाव सांगितलं, तेव्हा ती एकटीच गेली होती. घरी येऊन तिने फक्त आईला सांगितलं. वडील आनंदराव कोळशाच्या खाणीतून नुकतेच निवृत्त झाले होते आणि मुलगी कंप्युटरवर नोकरी करणार हे सगळ्या मोहल्ल्याला सांगत फिरत होते. त्यांना सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

"अन फोल्डर कसं गेलं?" मी विचारलं.

मोनालीचं काम पडद्यावरच्या एका काळ्या खिडकीत चालायचं. तिथे माऊस नसतो, चित्रं नसतात. हुकूम टाइप करायचा आणि उत्तर वाचायचं. ‘एल’ आणि ‘एस’ ही दोन अक्षरं लिहून एंटर मारला की त्या जागी असलेल्या फायलींची यादी येते. यादीत फोल्डरची नावं गडद निळ्या रंगात असतात. काळ्यावर गडद निळं धडधाकट डोळ्यांनाही नीट दिसत नाही. मोनालीला ते वर्षभरापूर्वीच दिसेनासं झालं होतं. रंग बदलून घेता आला असता, पण काहून बदलतेस असं कुणी विचारलं असतं तर? म्हणून तिने क्रम पाठ केला होता. टॅबची कळ दाबली की नावं एकामागून एक येतात. जुन्या पानांचं फोल्डर तिसरं. कळ तीनदा दाबायची, ओळीच्या पार टोकाला नाव उमटतं, ते मान वळवून बघायचं आणि मग पुसायचं.

"रोज पाहो मी मान वळवून," ती म्हणाली. "आज घाई होती. नाई पाह्यलं."

"पण तिसरं तर जुनंच होतं ना?"

"कालपर्यंत होतं. आज सकाळी कोनं तरी ‘आकृती’ नावाचं नवीन फोल्डर बनवलं. ते पयलं आलं, मंग सगळे एक-एक खाली सरकले. तिसऱ्या जागी ‘फायनल’ आलं."

ते फोल्डर साडेदहाला मीच बनवलं होतं. त्यात माझी काहीच चूक नव्हती, हे तिनेही सांगितलं. तरी माझा राग त्या टेबलावरच कुठेतरी सांडून गेला. मी ताक पुसलं आणि म्हटलं, "सरांले सांग."

"काढून टाकतील."

"अन उद्या याच्याहून मोठं काही गेलं तर?"

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं. मी दाराबाहेर उभी होते. ऋषिकेश सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी तिला पाणी दिलं, डॉक्टरांचे कागद बघितले, नोकरी जाणार नाही म्हणाले. आणि त्याच दिवशी तिचे सर्व्हरवरचे सगळे अधिकार काढून घेतले. तिला हेल्पडेस्कला बसवलं. कुणी पासवर्ड विसरलं, कुणाचा प्रिंटर चालत नाही, अशा मेलना उत्तरं द्यायची. पडद्यावरची अक्षरं मोठी करून दिली. सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागले. ऐकू तिला उत्तम येत होतं.

दोन आठवडे तिने ते काम केलं. मग एका रविवारी मी तिच्याकडे कन्हानला गेले. खरं तर तिने बोलावलं नव्हतं. ऑटोमोटिव्ह चौकातून बस धरली आणि पत्ता विचारत पोहोचले.

घर लहान, अंगणात सिमेंटचा ओटा, ओट्यावर खाट. खाटेवर आनंदराव बसले होते. उंच, वाळके, खोकला जुना. मी जय भीम घातला. त्यांनी खाटेवर जागा करून दिली आणि तुळसाबाईंना चहा ठेवायला सांगितला. मोनाली आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसली होती. दार उघडं होतं. आतून एक यांत्रिक बाई इंग्रजीत भराभरा बोलत होती.

तो स्क्रीन रीडर होता, पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. मोनालीने एकदाचं ठरवलं होतं की नळी पुरती बंद व्हायच्या आत कानाने काम करायला शिकायचं. पण ती काळ्या खिडकीत यादी मागायची आणि ती बाई सुरू व्हायची: डी, आर, डब्ल्यू, एक्स, डॅश, आर, डॅश, एक्स... कुणाला काय करायची परवानगी आहे, मालक कोण, आकार किती, तारीख, वेळ, आणि सगळ्यात शेवटी नाव. मग पुढची फाइल, पुन्हा डी आर डब्ल्यू एक्सपासून. चाळीस फायलींची यादी ऐकायला चार मिनिटं. ऐकून झाल्यावर पहिलं काय होतं ते आठवायचं नाही.

"हे काय बडबड करून राह्यली वं ते बाई?" बाहेरून आनंदरावांनी विचारलं.

"फायली मोजून राह्यली, बाबा."

"मोजून कुठं राह्यली? नावं तर सांगतच नाई." ते दारापाशी आले. "अन तू आयकून काहून राह्यली? पायत काहून नाई?"

तुळसाबाई चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभ्या होत्या. मोनालीने मान खाली घातली. शेवटी तुळसाबाईंनीच सांगितलं. एका दमात, ट्रे हातात धरून, सहा वर्षांचं सगळं.

आनंदराव ऐकत राहिले. मग म्हणाले, "चष्म्याचा नंबर बदलला असन."

"नाई बाबा. चष्म्यानं नाई होत."

"नागपुरात मोठे डॉक्टर हायेत."

"त्यांनीच सांगतलं."

ते वळले आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसले. आम्ही चहा प्यालो. बऱ्याच वेळाने बाहेरूनच त्यांचा आवाज आला, आणि तो रागावलेला होता, पण मोनालीवर नाही.

"त्या बाईले अक्कल नाई," ते म्हणाले.

आनंदरावांनी एकतीस वर्षं खाणीत काढली होती. शेवटची नऊ वर्षं लॅम्प रूममध्ये, गुडघा गेल्यामुळे. खाली उतरणारा प्रत्येक कामगार त्यांच्या खिडकीतून डोक्यावरचा लॅम्प घ्यायचा आणि आपला बिल्ला ठेवायचा. वर आला की लॅम्प देऊन बिल्ला परत. कोण खाली आहे आणि कोण वर आलं, हे त्या खिडकीला माहीत असायचं.

"शिफ्ट सुटली का मॅनेजर विचारे, आनंदराव, काय हाय?" ते सांगत होते. "आता मी त्याले चारशे नावं वाचून दाखवू का? बापाचं नाव, गाव, पगारपत्रकाचा नंबर? मी सांगो, चारशे बारा गेले, चारशे अकरा आले, कवडू राह्यला. बस. त्याले जे पाह्यजे ते पयले सांगा लागते. बाकीचं त्यानं विचारलं तं सांगाचं."

मोनाली उठून दारात आली होती. "बाबा, पुन्हा सांगा."

"काय पुन्हा सांगू? कवडू राह्यला म्हनून."

"मॅनेजर काय विचारे ते."

"काय हाय?"

त्या दिवशी तिने मला जेवायला थांबवलं, पण जेवताना तिचं लक्ष नव्हतं.

पुढचे सहा आठवडे ती स्वतःचा एक प्रोग्रॅम लिहीत होती. प्रोग्रॅमिंग तिला थोडंफार यायचं, सर्व्हरच्या कामापुरतं. बाकीचं ती कानांनी शिकली. खापरीपर्यंत मेट्रोत, तिथून कंपनीच्या बसमध्ये, एका कानात धडे चालू. मला त्यातलं काही कळायचं नाही, पण रोज डबा खाताना ती मला विचारायची, "सुरुची, फोल्डर उघडल्यावर तुले सगळ्यात पयले काय जानून घ्या वाटते?" मी म्हणायचे, माझी फाइल आहे की नाही ते. शेजारणीला विचारलं, ती म्हणाली, शेवटी कुणी हात लावला ते. मोनाली सगळं लक्षात ठेवायची.

तयार झालं ते अगदी लहानसं होतं. काळ्या खिडकीत के, ए, वाय ही तीन अक्षरं लिहायची. ‘काय’. एंटर मारला की ते सांगतं, बावीस फायली, तीन फोल्डर. सगळ्यात नवीन प्रकरण नऊ, वीस मिनिटांपूर्वीचं. एक फाइल रिकामी आहे. एवढंच. आणखी हवं तर विचारायचं: काय नवीन, काय मोठं, काय रिकामं. मग ते नावं सांगतं. डी आर डब्ल्यू एक्स मुद्दाम मागितल्याशिवाय नाही. रंग नाहीत. आणि क्रमांक नाहीत. पहिलं, दुसरं, तिसरं असं ते कधीच म्हणत नाही, फक्त नाव घेतं. मी एकदा म्हटलं, नंबर दिले तर सोपं जाईल. ती म्हणाली, "नाई. तिसरं कायमचं तिसरं नसते."

मोनालीला ते पुरेसं होतं. कुणाला दाखवायचा तिचा विचार नव्हता. दाखवलं आनंदरावांनी.

मोठा डॉक्टर बघायचाच असं त्यांनी धरून ठेवलं होतं, म्हणून ती त्यांच्यासोबत एका दवाखान्यात गेली. या डॉक्टरांनीही पूर्वीच्या डॉक्टरांचंच सांगितलं. पण बाहेरच्या बाकावर आनंदरावांच्या शेजारी देवराव कोहळे बसले होते. सावनेरचे, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले, जन्मापासून अंध. डोळा दुखतो म्हणून भाच्याने आणलं होतं. गप्पा सुरू झाल्या. मोनाली बाहेर आली तेव्हा वडील सांगत होते, "माह्या पोरीनं कंप्युटरले अक्कल शिकवली, गुरुजी. तुमाले देते ते."

"बाबा!"

"देते म्हनलो ना आता. शब्द गेला."

असे आम्ही पुढच्या रविवारी माझ्या स्कूटीवर सावनेरला गेलो.

देवराव गुरुजींकडे भाच्याने दिलेला एक जुना लॅपटॉप होता आणि त्यात अकराशेच्या वर रेकॉर्डिंग होती. दंडार, खडी गंमत अशी लोकनाट्यं, भजनं, जात्यावरची गाणी. अठ्ठावीस वर्षं ते आणि त्यांचे दोस्त बापूजी गावोगाव फिरले होते. बापूजी ढोलकी वाजवायचे, गायचे, आणि गुरुजींचा हात धरून त्यांना न्यायचे. आधी कॅसेटवर, मग छोट्या रेकॉर्डरवर त्यांनी जुन्या गायकांचे आवाज साठवले. बापूजी दोन वर्षांपूर्वी गेले. भाच्याने सगळं लॅपटॉपमध्ये भरून दिलं, पण गुरुजींना त्यातलं हवं ते सापडायचं नाही. भाचा आला की त्याला सांगायचं, तो लावून द्यायचा. भाचा महिन्यातून एकदा यायचा.

मोनालीने ‘काय’ बसवून दिलं, कळांवर गुरुजींची बोटं ठेवून तीन अक्षरं शिकवली. त्यांनी एंटर मारला. यांत्रिक बाई इंग्रजीत बोलली.

"हे इंग्रजीत काहून बोलते?" गुरुजी म्हणाले. "माही गानी मराठीत हायेत."

मोनालीने आठवडाभरात ते मराठीत केलं. आवाजही मराठी मिळाला, जरा घोगरा, पण समजेल असा. मग गुरुजींचे फोन सुरू झाले. दर संध्याकाळी साडेसहाला.

"बाई, दंडार एक झाल्यावर दंडार दहा काहून सांगते हे? दोन कुठं गेला? दोन तर नऊ जनाच्या मागं बसवला!"

कंप्युटर अक्षरं लावतो, आकडे मोजत नाही, म्हणून त्याला एकानंतर दहा येतात, हे तिने समजावलं. गुरुजी म्हणाले, "मंग त्याले मोजनं शिकव." ते तिने शिकवलं. नंतर ‘क्ष’ची तक्रार आली. ‘क्षण’ शब्दाने सुरू होणारं भजन ‘क’च्या घोळक्यात कसं? शाळेत आपण ‘क्ष’ शेवटी शिकतो. एक अख्खा आठवडा त्यात गेला. एकदा ती फोन ठेवून मला म्हणाली, "या मानसाले मी कायले भेटली वं?" आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाला फोन आला नाही तर स्वतःच लावला.

मग एक दिवस गुरुजींनी ‘काय रिकामं’ विचारलं. त्यांना उगीच सगळे हुकूम करून बघायची हौस होती.

बाईने सांगितलं, "वीस फायली रिकाम्या आहेत." आणि नावं घ्यायला लागली. चौथं नाव होतं, ‘बापूजी, एकट्याचं, शेवटचं.’

हे आम्हाला भाच्याकडून कळलं. बापूजी जायच्या महिनाभर आधी गुरुजींनी ते त्यांच्या घरी रेकॉर्ड केलं होतं. ढोलकीशिवाय, नुसता आवाज. नंतर त्यांनी ते कधी लावलंच नव्हतं. लावायची हिंमत होत नव्हती, पण ते आहे, एवढं माहीत होतं. भरताना कुठेतरी फाइल तुटली असावी. नाव आलं, आत काही आलं नाही. जुना रेकॉर्डर भाच्याने केव्हाच कुणाला देऊन टाकला होता.

गुरुजींचे फोन बंद झाले. मोनाली लावायची तर उचलायचे नाहीत.

तिने ते फार मनाला लावून घेतलं. डबा तसाच परत न्यायची. "मी कायले ते रिकामं टाकलं त्याच्यात?" ती म्हणायची. "त्यांले वाटत होतं, हाय. वाटू द्यायचं होतं." एका शनिवारी तिने ते वाक्य प्रोग्रॅममधून काढून टाकलं आणि दुपारपर्यंत परत घातलं. सावनेरला जाऊन लॅपटॉपचा कोपरान् कोपरा तपासला, भाच्याचा जुना पेनड्राइव्हसुद्धा. मी सोबत होते. गुरुजी आतल्या खोलीत पडून होते, बाहेर आले नाहीत. फाइल मिळाली नाही. कुठेच नव्हती ती.

परतताना रस्त्यावर मला स्कूटी थांबवायला लावून ती रडली. मी स्कूटी स्टँडला लावून तिच्या बाजूला उभी राहिले.

तीन आठवड्यांनी संध्याकाळी साडेसहाला फोन वाजला. ती कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी होती. तिने स्पीकर लावला.

"बाई," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "त्या वीसातले बापूजी गेले. आठ जन आणखी गेले. पन अकरा जन जित्ते हायेत. मी भाच्याले फोन करून एकेकाचं विचारलं."

"हो, गुरुजी."

"त्या बाईनं सांगतलं नसतं तं मले वाटलं असतं, हायेत आपल्यापाशी. अन तेही मरून गेले असते. नवीन रेकॉर्डर कोनता घ्या लागते, सांग."

तिने फोन माझ्याकडे सरकवला. मी तो घेतला आणि म्हटलं, उद्या सांगते.

त्या हिवाळ्यात देवराव गुरुजी अकरा गावांना गेले. भाच्याला वेळ नव्हता. हात धरून न्यायला आनंदराव गेले, त्यांच्याकडे वेळच वेळ होता. दोघं एसटीने निघायचे, गुरुजींचे गुडघे आणि माझे डोळे मिळून एक धड माणूस होतो असं आनंदराव कंडक्टरला सांगायचे. एका गावात पंच्याऐंशी वर्षांच्या आजीबाईंनी आधी नाही म्हटलं, दात नाहीत म्हणाल्या. गुरुजी तिथेच ओसरीवर बसून त्यांचं गाणं मुद्दाम चुकीचं गायला लागले. दुसऱ्या कडव्याला आजीबाईंना राहवेना. "असं नाई हो, मास्तर!" म्हणत त्यांनी सगळं गाऊन दाखवलं. रेकॉर्डर चालूच होता. अकरापैकी नऊ जणांची गाणी मिळाली. एकाला आठवत नव्हती, एक भेटलाच नाही.

त्यानंतर मोनालीने ‘काय’ इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं. फार लोक वापरतात असं नाही. दोनेकशे असतील. ओडिशातल्या एका अंध विद्यार्थिनीने ते उडियात करून पाठवलं, तेव्हा मोनालीने आमच्या मजल्यावर संत्रा बर्फी वाटली. कारण मात्र सांगितलं नाही, मीच सगळ्यांना सांगितलं.

ऋषिकेश सरांनी ते माझ्या पडद्यावर पहिल्यांदा बघितलं. मी ते कधीपासून वापरत होते, कारण मला डोळ्यांनीसुद्धा ते सोपं वाटतं. त्यांनी दोनदा तीन अक्षरं टाइप करून बघितली, मग मोनालीच्या टेबलाकडे गेले.

"हे सर्व्हरवर टाकता येईल का? सगळ्यांसाठी?"

"येईल," ती म्हणाली. "पण त्यासाठी माझे अधिकार परत लागतील, सर."

सरांनी शेजारची खुर्ची ओढली. "डिलीट करायचं असेल तर दुसऱ्या कुणाला तरी दाखवून करायचं."

"फक्त मी?"

"नाही. सगळ्यांनीच. मीसुद्धा."

ती सर्व्हरवर परत आली त्याला आता दीड वर्ष झालं. या काळात काही पुसायचं असलं की ती मला बोलावते, मी नाव मोठ्याने वाचते, ती ‘हो’ म्हणते. सरांनी तिच्याशी हळू आवाजात बोलणं सोडलं आहे, कधीकधी तर चांगले ओरडतात.

नळी बारीकच होते आहे. यावर्षीपासून तिला माझं तोंडही पूर्ण दिसत नाही, एका वेळी एक डोळा दिसतो म्हणते. मागच्या मंगळवारी खापरी स्टेशनवर तिने पहिल्यांदा पिशवीतून पांढरी काठी काढली. घडीची होती, उघडताना खटखट वाजली. आसपासचे चार लोक बघायला लागले. तिला ते दिसलं नाही, पण कळलं असावं, कारण तिचे कान लाल झाले. गाडीत शिरलो तशी एक माणूस ताडकन उठला.

"बसा ताई, बसा."

"पाय चांगले हायेत माहे," मोनाली म्हणाली.

तो बिचारा ओशाळला आणि तसाच दांडी धरून उभा राहिला. जागा रिकामी. पुढच्या स्टेशनपर्यंत कुणीच बसेना. मग मीच बसले, आणि मोनालीची पिशवी मांडीवर घेतली.